जनाआत्याचे शेवटचे शब्द

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी आसेगाव सोडलं. नागपूरला नर्सच्या ट्रेनिंगला निघाले होते. वाशीमला जाणाऱ्या एसटीपासून बा लांबच उभे होते. मला पाठवायला ते तयारच नव्हते. जनाआत्या त्यांच्याशी महिनाभर भांडली होती. ती त्यांची थोरली, विधवा बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

"कायले रडून राह्यली?" ती म्हणाली. "मानसं वाचवाले जाऊन राह्यली ना तू?"

मी जन्मले तेव्हा अगदी मूठभर होते, म्हणून ती मला उंदरे म्हणायची. दुसरं कोणी नाही. होस्टेलवर हे नाव मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

गावी राहिलेल्या तुम्हा भावंडांना पुढचं आजवर सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या वॉर्डात आदिलाबादकडची एक म्हातारी होती. तिला तेलुगूखेरीज काही येत नसे. दिवसभर तापात "नीळ्ळु, नीळ्ळु" करायची. म्हणजे पाणी. एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास मी तिला पाणी पाजायला वाकले. तिनं माझं मनगट धरलं आणि स्पष्ट म्हणाली,

"उंदरे, जेवली का वं?"

आवाज म्हातारीचाच होता. बोलण्याची ढब आत्याची. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "सिस्टर, हिला मराठी येते की." माझ्या हातातला फीडिंग कप पडून फुटला. मी म्हणाले, "जेवली, आत्या." म्हातारीनं मनगट सोडलं आणि ती झोपली. संध्याकाळी तिचा ताप उतरला. नंतर ती बरी होऊन घरी गेली. मराठीचा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही.

शुक्रवारी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं. आत्या मंगळवारी गेली होती. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

बा ओसरीवर बसले होते. मला शेजारी बसवून म्हणाले,

"तापच होता, लय तरास नाही झाला तिले. चार वाजता इथंच उठून बसली. मंग कायतरी येगळंच बोलाले लागली. आपली बोली नाही, हिंदी नाही. माह्या तोंडाकडे पाहे अन् एकच शब्द म्हने. नीळ्ळु, नीळ्ळु. मी तिचा हात धरून बसलो. तू शयरात राह्यते, तुले ठाऊक असंल. काय म्हनत होती ती?"

माठ त्यांच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर होता.

"काही नाही, बा," मी म्हणाले. "तापात मानूस कायबी बोलते."

"मलेबी तसंच वाटलं," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे रडले.

आता बासुद्धा नाहीत. नागपुरात माझं घर आहे, मुलं आहेत, आणि त्यांना वऱ्हाडी बोलीचं हसू येतं. कुठल्या, म्हणून कोणी विचारलं तर मी अजून आसेगावची म्हणते. पण मायेचं, हक्काचं घर म्हणून तुम्ही ज्याबद्दल बोलता, ते माझ्या वाट्याला त्या दिवशीच्या ओसरीपर्यंतच आलं. तिथं मी बांशी पहिल्यांदा खोटं बोलले. ते खरं करून दाखवायला मग मला दर वर्षी जावं लागलं, आणि त्यांच्याशेजारी बसून आत्याला शांत मरण आलं, असं म्हणावं लागलं.