घागर बायनाबाईची, तिकीट जाईबाईचे

जाईबाई आमच्या दूध सोसायटीत कॅन धुवायची. केजच्या बाजारतळाजवळ दोन खोल्यांची ती सोसायटी. त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात गुरे छावणीवर गेली, दूध आटले आणि तिच्या हाताला थोडेच कॅन उरले. तरी ती वेळेआधी यायची. सेक्रेटरी सुंदरराव सकाळी टेबलावरचा रेडिओ लावत आणि त्यावर एक बाई गात असे. त्या बाईचे नाव जाईबाईला कधी नीट घेता आले नाही. ती तिला ‘रेडिओची बाई’ म्हणायची.

एका गाण्यात एक जागा होती. तिथे सूर लांबत जाई आणि तुटतच नसे. ती जागा आली की जाईबाईचा घासता हात थांबायचा.

“सेक्रेटरीसायेब, ही दम कुठं घेती ओ?”

“मला कशाला इचारतीस? मी दुधातला माणूस,” सुंदरराव म्हणत.

चारा-निधीसाठी त्याच बाईचा कार्यक्रम सोसायटीने केजला ठरवला, तेव्हा जाईबाईने पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले. सुंदररावांनी ते घेतले नाहीत. “कामावरच्या बाईला आधी दिलं तर लोक मला खातील. रांगेत ये.”

मला गाण्यातले कळत नाही, म्हणून रांगेत जे पाहिले तेवढेच लिहितो.

रांग म्हणजे त्या काळी आमच्याकडे भांड्यांची रांग. पाण्याच्या टँकरमुळे सवय लागली होती. आपली घागर ओळीत ठेवायची आणि सावलीला बसायचे. घागर जिथे, तिथे आपला नंबर. तिकिटांसाठीही कोणी न सांगता पहाटेपासून सोसायटीच्या खिडकीसमोर तशीच ओळ लागली. जाईबाईची चेमटलेली पितळी घागर बरीच पुढे होती, तिच्यामागे माझी बादली. ऊन चढले तशी परळीच्या, अंबाजोगाईच्या एसटीतून माणसे उतरू लागली. त्यांनी आणखी भांडी गोळा करून मागे लावली. खिडकी उघडायच्या आतच तिकिटे संपल्याची आवई उठली. माणसे धावत जाऊन आपले भांडे पाहून येत आणि पुन्हा बसत. जाईबाई बसलीच नाही.

तेवढ्यात टँकर आला. तो रोज खालच्या गल्लीत, बुद्धविहारापाशी थांबायचा. पण त्या दिवशी ड्रायव्हर नवा होता, मांजरसुंब्याकडचा. त्याला भांड्यांची लांबलचक ओळ दिसली. त्याने गाडी लावली, पाइप ओढला आणि एकेक भांडे भरत निघाला. कोणी त्याला अडवले नाही. शेवटची हंडी भरली तेव्हा टँकरही रिकामा झाला.

तो गेल्यावर खालच्या गल्लीतल्या बाया रिकामी भांडी घेऊन आल्या. पुढे बायनाबाई. तिचे आणि जाईबाईचे घर भिंतीला भिंत लागून.

“जाये, हे आमचं पाणी हाय.”

“मला म्हाईत हाय.”

“मंग उचल घागर, चल घरी.”

“उचलली की नंबर गेला, बायने.”

ओळीतला धुळाजी म्हणाला, “गेलाच की. भांडं हाललं की मागं जायाचं.”

“आन पाणी हितंच ठिवायचं? गल्लीनं काय गानं पिऊन ऱ्हायाचं का?” बायनाबाई म्हणाली.

जाईबाई घागरीकडे बघत राहिली. मग तिने बायनाबाईच्या काखेतली रिकामी घागर काढली, आपल्या घागरीला चिकटून टेकवली आणि मगच भरलेली उचलून तिच्या कमरेवर दिली.

“आता बोल धुळाजी. जागा मोकळी झाली का?”

 ते पाहून बाकीच्या बायांनीही तसेच केले. पाणी गल्लीत गेले आणि ओळीत गल्लीची रिकामी भांडी उभी राहिली. माझ्या बादलीच्या जागी तेलाचा डबा आला.

मग खिडकी उघडली. एका भांड्याला एक तिकीट. जाईबाईची पाळी आली तोवर बायनाबाई पाणी ठेवून परतली होती.

“ही घागर माजी हाय,” ती म्हणाली.

सुंदररावांनी दोघींकडे पाहिले. “मग नंबर तुझा.”

“बायने, तुला गान्यातलं काय कळतंय?”

“गान्यातलं न्हाई कळत. घागर वळखती.”

लोक हसले. जाईबाई हसली नाही. तिची मूठ खिडकीच्या कठड्यावर होती, पैसे तिच्यातच. मागून ओरडा सुरू झाला, कारण मागेही डब्यांवरून आणि हंड्यांवरून तोच वाद पेटला होता.

बायनाबाईने जाईबाईच्या मुठीकडे पाहिले. “बरं. पैसे हिचे, घागर माजी. मध्यंतरापातूर म्या बसते, मंग ही.”

“तिकिटावर एकच माणूस,” सुंदरराव म्हणाले.

“मंग? दोगी काय एका टायमाला बसनार हाव का?”

सुंदररावांनी तिकीट फाडून दिले.

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून कार्यक्रम दुपारी उन्हाचाच झाला. पूर्वार्धात जाईबाई कनातीबाहेर उभी होती. तिचे ते गाणे तेव्हाच झाले. तिने ते ऐकले, रेडिओवर ऐकायची तसेच. मध्यंतराला बायनाबाई बाहेर आली आणि तिकिटाचा तुकडा जाईबाईच्या हातावर ठेवला.

“रेडिओची बाई कशी हाय गं?”

“लई शांत हाय. पर पाणी लई पिती.”

जाईबाई आत जाऊन सतरंजीच्या पुढच्या कडेला बसली. मी मागे होतो. तेच गाणे काही पुन्हा झाले नाही, पण दुसऱ्या एका गाण्यात तसाच लांबत जाणारा सूर आला. गाणाऱ्या बाईने हात वर केला, मान खाली घातली आणि तोंड मिटले. सूर चालूच राहिला. मागे तंबोरा धरून बसलेली दुसरी बाई तो गात होती. मग पुढच्या बाईने तोंड उघडले आणि मागची गप्प झाली. सांधा कुठे, ते कळले नाही. जाईबाई गुडघ्यावर उठली आणि मागचे ओरडल्यावर खाली बसली.

काही दिवसांनी सकाळी रेडिओवर पुन्हा ते जुने गाणे लागले. जाईबाईने काथ्या खाली ठेवला आणि बोट वर केले.

“आत्ता. आत्ता मागची बाई.”

सुंदररावांनी कान दिला. “मला तर एकच ऐकू येती.”

“म्या बगितलंय न्हवं,” ती म्हणाली आणि पुढचा कॅन ओढला.