मातीतलं वावर

सकाळी कोळवणहून वहिनीचा फोन आला. "आई गेल्या... झोपेतच." वहिनीच्या सासूबाई म्हणजे माझी शालनआत्या, वडिलांची थोरली बहीण. वय झालं होतं, हाल झाले नाहीत. तरी फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढे आली ती तिची मातीनं रंगलेली बोटं.

आत्या मातीनं चित्रं रंगवायची. डोंगराची तांबडी माती, ओढ्याकाठची काळी, चुलीतली राख, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवून पुठ्ठ्यावर लावायची. वर भाताचं तूस, पेंढ्याच्या काड्या. कुणी शिकवलं नव्हतं. नवरा गेल्यावर रिकामं बसवेना, म्हणून सुरू केलं. शेजारच्या फार्महाउसमधल्या बाई विकत मागायला आल्या, तर ही म्हणाली, "असंच न्या. पर उन्हात टांगू नगा, तडकतंय."

मी अधूनमधून पुण्याहून एसटीनं तिच्याकडे जायची. वडील यायचे नाहीत. त्यांनी ओढ्याकडचं वडिलोपार्जित वावर आत्याला न सांगता शहरातल्या एका माणसाला विकलं होतं, तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद होतं. भाऊबीजसुद्धा नाही. अशी सहा वर्षं गेली. शेवटी एकदा मी वाटेवरच्या पिरंगुटला काम आहे असं सांगून त्यांना गाडीत बसवलं. पिरंगुट मागे पडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं... पण गाडी वळव म्हणाले नाहीत.

आत्या पडवीत चित्र करत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पुठ्ठ्यावर तेच विकलेलं वावर होतं. नव्या मालकाच्या राखणदाराकडून तिनं तिथलीच पाटीभर माती मागून आणली होती. वडील जवळ जाऊन चित्रावर वाकले.

"आक्का, बांधावर जांभूळ व्हतं. ते न्हाई काढलंस."

"मला वाटलं, तुला याद नसंल," आत्या म्हणाली. मग जरा सरकली. "बस हितं. तूच लाव."

वडील मांडी घालून बसले आणि एका वाळक्या काडीचं जांभूळ त्यांनी बांधावर उभं केलं. वावर विकल्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, पुढेही नाही. दुपारी तिनं आंबेमोहराचा भात आणि आमटी केली, आणि वडिलांनी तीनदा भात मागून घेतला. त्यानंतर ते एकटेच एसटीनं जाऊ लागले.

तेराव्याला सगळे पांगल्यावर वहिनीनं एक पुठ्ठा आणून दाखवला. वरच्या बाजूला कोळशानं ओढलेली डोंगराची रेघ, खाली सगळं कोरं. "मामा, ह्ये तसंच ऱ्हायलं. काय काढायचं व्हतं, ते बोलल्या न्हाईत."

वडिलांनी तो पुण्याला आणला. आता रोज सकाळी चहा झाला की गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसतात आणि बोटानं थोडी थोडी माती लावतात. परवा मी विचारलं, "काय काढताय?"

"आजून ठरलं न्हाई," ते म्हणाले. "आक्का तरी कुटं आधी ठरवायची?"