हाराखालचा बिघाड

कमळाकरने रोह्याच्या कारखान्यात तीस वर्षं पंप उघडले आणि जोडले. पान्याला हात घालण्याआधी तो यंत्राभोवती एक फेरी मारी. तेवढीही तसदी न घेणाऱ्यांना तो कारागिरांत धरत नसे. कारखान्यात कॉम्प्युटर आले, तेव्हा शिकलेल्यांच्या मागे उभं राहून, वहीत टिपून घेत तो तेही शिकला.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर, शनिवारी सकाळी, पेणहून जगनचा फोन आला. जगन मिठागर कामगारांच्या संघटनेचा चिटणीस. एकशे बारा कामगार मिठागरात किती वर्षं राबले, याची यादी त्याने दोन वर्षं घरोघर फिरून जमवली होती. वह्या पावसात गेल्या. यादी उरली ती फक्त कॉम्प्युटरमध्ये. सोमवारी ती लेबर ऑफिसच्या साहेबापुढे ठेवायची होती आणि कॉम्प्युटर चालूच होत नव्हता.

कमळाकर एसटीने पेणच्या रामवाडीत, संघटनेच्या कचेरीत पोचला. तिथे मोरोपंत मास्तरांचा विराज खुर्चीत रेलून बसला होता. गावात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि नवरात्रात नवीन विंडोज त्यानेच बसवलं होतं.

"काका, हार्ड डिस्क गेली. सगळं पुसून परत बसवावं लागेल."

"आणि यादी?"

"ती जाणार."

जगनने कॉम्प्युटरवर हात ठेवला.

"पडद्यावर काय येतं?" कमळाकरने विचारलं.

"एरर येते."

"एररला शब्द असतात. वाचलेस?"

विराज घड्याळाकडे बघू लागला.

कमळाकरने बटण दाबलं. सिस्टिमची डिस्क ही नव्हे, बदला, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. त्याने फेरी मारली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या तोंडावर झेंडूचा सुकलेला हार लोंबत होता.

"हा कशाला?"

"खंडेनवमीचा, दादा," जगन म्हणाला. "पूजेचा हार आम्ही उतरवत नाय. सुकून गळंल तवा गळंल."

"त्याच्यामागं काय हाय, ते कोणी बघितलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. कमळाकरने हार उचलला. फटीत फ्लॉपी होती, कडेला कुंकू.

"कोरी हाय," जगन चाचरत म्हणाला. "यादीची नक्कल तिच्यावर घ्यायची व्हती. तिचीपण पूजा व्हावी म्हणून मीच घातली."

"म्हणजे दोन दिवस हा बिचारा डबा कोऱ्या फ्लॉपीत विंडोज शोधतोय."

फ्लॉपी काढून त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. विंडोज आलं. यादीही जागेवर होती.

"एवढंच होतं?" विराज हसला.

"एवढंच. आणि एवढ्यासाठी तू एकशे बारा माणसं पुसणार होतास."

कमळाकरने कुंकू पुसून फ्लॉपीवर नक्कल घेतली. मग विराजला यादी मोठ्याने वाचायला लावली. सगळी नावं आहेत की नाहीत, ते जगनने बोटावर मोजायचं. दहाव्या नावाला विराज थांबला.

"काका, सगळी वाचायची?"

"हौसाबाईचं नाव घेतलंस ना आत्ता? बेचाळीस वर्षं उन्हात उभी होती ती. तुला तर खुर्ची हाय. वाच."