भाऊजींनी मावशीला ब्लॉक केलं

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, 'टॉवर' हे नाव मी ठेवलं. एक तर ते उंच आहेत, आणि दुसरं म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राची रेंज आपल्याकडूनच सुटते असा त्यांचा समज आहे. नोकरी म्हणाल तर पाइपच्या कारखान्यात, माल ट्रकमध्ये चढवून रवाना करण्याची. वायफायशी त्या नोकरीचा संबंध शेजाऱ्याच्या लग्नातल्या वरातीइतकाच. पण लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी आईचा बंद पडलेला रिमोट सेल बदलून चालू करून दिला, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं काहीही बिघडलं की आई म्हणते, "जावईबापूंना फोन लाव."

त्यांचा एक दोष आहे. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. ताई सांगते, त्यांचे वडील फार लवकर गेले, पाठची भावंडं लहान, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला घरात हेच. चूक असलं तरी उत्तर हवंच, नाहीतर धाकटे रडायला लागायचे. हे ऐकल्यावर मी त्यांची थट्टा जरा कमी केली. बंद केली नाही.

गेल्या वर्षी आमचं नेट दुपारी जायला लागलं. मी घरून काम करते, आतल्या लहान खोलीत. जेवणं झाली, ऑफिसची मीटिंग सुरू झाली, मी बोलायला तोंड उघडलं की नेट गुल. बॉसला माझा उघड्या तोंडाचा गोठलेला फोटो तेवढा दिसायचा. दारावरची कॅमेऱ्याची घंटा मुकी व्हायची, टीव्हीवर ते गोल गोल फिरत बसायचं. मग थोड्या वेळाने, मी जाऊन राउटरच्या वायरी जरा दाबल्या-हलवल्या की परत सुरळीत.

भाऊजी आले. राउटर बंद करून चालू केला. तो टीव्हीच्या टेबलावरून कपाटावर नेला, कपाटावरून परत टेबलावर आणला. फोन हातात उंच धरून घरभर फिरले, न्हाणीघरातसुद्धा. पासवर्ड बदलला, त्याची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आणि निघून गेले. दोन दिवस कुणाचंच काही चालेना, कारण त्यांनी चिठ्ठीवर एक अक्षर चुकीचं लिहिलं होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

इथे खालच्या मावशींबद्दल सांगायला हवं. आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात, लोकांचे कपडे अल्टर करून देतात. आईचे गुडघे गेल्यापासून आई जिना उतरत नाही, म्हणून दुपारी त्या वर येतात. दोघी आईच्या खोलीत दार लोटून बसतात. दार लोटतात ते कासव पायात येऊ नये म्हणून. कासव म्हणजे ताईने आईला दिलेलं झाडणारं यंत्र. थाळीएवढं, आपलं आपण जमिनीवर फिरतं, केर ओढतं. ताई तिच्या ऑफिसात बसून फोनवरून ते चालू करते. 'कासव' हे नाव आईचं. तर या दोघी आत बसून काय बोलतात देव जाणे, पण हसण्याचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये जातो. आईच्या दिवसात तेवढाच एक तास माणसाचा. मी घरात असते खरी, पण मी कानात इअरफोनची बोंडं घालून स्क्रीनशी बोलत असते.

भाऊजींनी त्यांच्या फोनवर एक ॲप घेतलं. आपल्या वायफायला कोण कोण जोडलेलं आहे ते त्यात दिसतं. एका दुपारी ते अचानक आले, हॉलमध्ये बसून फोनवर बोट फिरवत राहिले, आणि एकदम उभे राहिले.

"सापडलं!" मला म्हणाले. "चोर सापडला. खालच्या मावशी आपलं नेट ओढतायत."

"काहीतरीच काय, भाऊजी."

"पुरावा आहे माझ्याकडे. आणि तूच विचार कर, नेट कधी जातं? दुपारी. त्या कधी येतात? दुपारी. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला. आता मी ब्लॉक करून टाकलंय."

मला वाटलं झालं, ब्लॉक केलं, विषय संपला. पण तेवढ्यात आईच्या खोलीचं दार उघडलं, मावशी बाहेर आल्या आणि भाऊजींनी त्यांना तिथेच अडवलं.

"मावशी, राग मानू नका. पण तुम्ही आमच्याकडचं घेताय ते बरं नाही."

"काय घेतलं मी?"

"ते तुम्हाला माहीत आहे. मला सगळं दिसतं. विचारून घेतलं असतं तर दिलं असतं. न विचारता घेतलं की त्याला चोरीच म्हणतात."

मी "भाऊजी!" म्हणून ओरडले, पण शब्द सुटून गेला होता. मावशींनी आईकडे बघितलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चपला घालताना त्यांना डावी-उजवी सापडेना, ते मला अजून दिसतं. लाज त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं, पण त्या क्षणी ती त्यांच्याच तोंडावर होती.

"ती असलं करणार नाही," आई म्हणाली.

"आई, त्यांचा मुलगा लांब राहतो. फोनवर बघत असणारच त्याला. तुम्ही त्यांचा फोन पाहिलाय का?"

"आम्ही बोलत बसतो. फोन कशाला बघू मी तिचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. आत आईच्या दोन वाट्या, एक छत्री, कात्री, दोऱ्याचं अर्धं रीळ, आणि मी केव्हातरी सहज दिलेलं हातरुमालाचं पाकीट. आमच्या घरातून खाली गेलेलं एकूण एक परत आलं होतं, आम्ही दिलेलंसुद्धा. आई ती पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. दुपारी कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईने मला खाली पाठवलं तर दार उघडलं नाही, शिवणयंत्राचा आवाज तेवढा थांबला.

आणि नेट? नेट असं पळायला लागलं की विचारू नका. एकदाही गेलं नाही. भाऊजींनी फोन करून खुंटा हलवून बळकट केला. "बघ, मावशींना काढलं आणि कसं धावतंय!" खरं सांगते, एक दिवस तर मलाही वाटून गेलं, घेतही असतील बाई. त्या दिवशी मी आईच्या नजरेला नजर दिली नाही.

रविवारी ताई आणि भाऊजी दोघं आले. ताई आल्या आल्या कंबरेवर हात ठेवून उभी.

"माझी मावशी का चालत नाही गं? आठवडाभर ऑफलाइन दाखवतेय."

"कोण मावशी?" भाऊजी म्हणाले.

"अहो, हे! आईचं कासव. पूर्वी आपल्याकडे झाडायला मावशी यायच्या ना, म्हणून मी माझ्या फोनवर तिचं नाव मावशी ठेवलं. 'मावशी, हॉल झाडा' असं म्हटलं की चालू होते. ऑफिसात सगळ्या हसतात."

भाऊजींनी खिशातून फोन काढला. हळूहळू काढला. त्यांच्या ॲपमध्ये काय लिहिलं होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नुसतं 'मावशी'. शेजारी लाल रेघ, ब्लॉक केल्याची.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात. आमच्याकडे मावश्या इतक्या उरल्या होत्या की कुठली कुठली तेच कळेना.

त्यांनी ब्लॉक काढला. कोपऱ्यातलं कासव टुंग करून जागं झालं, ताईने फोनवरून चालू केलं तसं हॉलभर फिरलं, मग टीव्हीच्या टेबलाखाली शिरलं. तिथे राउटरची वायर लोंबत होती. कासवाने ती अंगाखाली घेतली, जरा ओढली, आणि भिंतीतला सैल प्लग तिरका झाला. राउटरचे दिवे गेले. कासव निवांत पुढे निघून गेलं. आम्ही चौघं उभे राहून बघत होतो. रोज दुपारी हेच होत होतं आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, तीही दारात उभं करून.

त्या दुपारी काय झालं ते मी ताईला सांगितलं. भाऊजींचे कान लाल झाले होते. त्यांनी वायर नीट गुंडाळून टेबलाच्या पायाला बांधली, प्लग घट्ट बसवला, आणि पुन्हा पुन्हा तपासत राहिले, म्हणजे वर बघायला नको.

"वायर झाली असेल तर खाली जाऊन या," आई म्हणाली. जावयाशी या सुरात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तू चल माझ्याबरोबर," ते मला म्हणाले. एवढा मोठा माणूस, जिन्यावर माझ्या मागे चालत होता.

मावशींनी या वेळी दार उघडलं. भाऊजींना बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या, मशीनच्या खणातून फोन आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"घ्या. बघून घ्या. तुमचं जे काय असेल ते काढून टाका."

बटणांचा फोन होता तो. झिजलेल्या आकड्यांचा, बोलण्यापुरता. त्याला वायफाय कधी जोडताच आलं नसतं. भाऊजींनी तो उलटसुलट करून बघितला. माझी मान आपोआप खाली गेली.

"मावशी, यात काही नाही," ते म्हणाले. "यात कधीच काही नव्हतं. मी चुकलो. एका यंत्राचं नाव मावशी होतं, मला वाटलं तुम्ही. मला माफ करा."

"मला तेव्हा बाकी काही कळलंच नाही हो," मावशी म्हणाल्या. "चोरी एवढंच कळलं. घरभर शोधलं, म्हटलं काय राहिलंय यांचं आपल्याकडे. ते गेलं काय होतं, सांगा तरी."

भाऊजींनी सांगायचा प्रयत्न केला. नेट म्हणजे काय, ते तारेतून डब्यात येतं, डब्यातून हवेत पसरतं. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या.

"हवेतून येतं? मग माझ्याही घरात येत असेल?"

"येतं. थोडंफार."

त्यांनी छताकडे बघितलं, मग खिडकीकडे. "मग मी खिडक्या लावून घेत जाऊ का? परत बोल नको यायला."

त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा असता तर बरं झालं असतं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी मान हलवली आणि फोन अगदी जपून मशीनवर ठेवला.

मावशी माझ्याकडे वळल्या. "आईला सांग, येते उद्यापासून. तिचा गुडघा कसा आहे?" आणि मग, आवाज खाली आणून, पण भाऊजी दोन हातांवर उभे होते, "जावईबापू आलेले असतील त्या दिवशी मात्र मला आधी कळव हं. त्या दिवशी नको."

त्या आल्या. दुसऱ्याच दिवशी आल्या, आणि आत हसण्याचा आवाजही झाला. भाऊजी आता दुपारी आमच्याकडे येत नाहीत. सकाळी येतात, आईला भेटतात, जेवणाआधी निघतात, आणि जाताना खालच्या दारावरून चप्पल वाजू न देता उतरतात.