घोडे आणि ओलं खोबरं

काउबॉयच्या जुन्या सिनेमांच्या संगीताचा आणखी एक बॉक्स सेट काल घरी आला. "पुन्हा घोडेच आणलेत?" म्हणत बायको स्वयंपाकघरात गेली. मी पहिली सीडी लावली. आधी टापा, मग गिटार, मग कुणाची तरी लांबलचक शीळ. पाणी प्यायला उठलो आणि दारातच थबकलो. ही नारळ खवत होती आणि तिचा हात त्या टापांबरोबर अगदी तालात धावत होता, टबडक टबडक. कुठलं ते वाळवंट, कुठले ते घोडेस्वार! इतक्या वर्षांची त्यांची दौड आमच्या ताटात पांढरीशुभ्र होऊन पडत होती. तेवढ्यात सीडी संपली. "पुढची लावा ना," ती मान वर न करताच म्हणाली, "अजून एक वाटी खवायचीय."