बेनी अंकलच्या पेटीचं बटण

"आज बोलायचंय, ठोकायचंय, का कॉम्प्युटरला बोलू द्यायचंय?"

बेनी अंकलच्या दारात चप्पल काढता काढताच हा प्रश्न यायचा. उत्तर दिल्याशिवाय ते आपल्या ॲम्प्लिफायरला हात लावू देत नसत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा नुसती बघत राहिले. विमा कंपनीत नोकरी करणारी, पंचेचाळिशी उलटल्यावर हौसेने हॅम रेडिओचं लायसन काढलेली बाई मी. रेडिओवर बोलतात, एवढंच मला ठाऊक. "बोलायचंय," मी म्हटलं. "मग बस. बोलणाऱ्याला वेळ लागतो," ते म्हणाले. आता याचा अर्थ काय घ्यायचा? त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचंच नाही, आणि उरलेलं निम्मं परळला घरी पोचेपर्यंत उलटंपालटं व्हायचं.

गिरगावातल्या जुन्या कॅथलिक वस्तीत त्यांचं लाकडी जिन्याचं घर होतं. सगळी नोकरी शिवडीला, गोदीच्या वर्कशॉपमध्ये झालेली. गॅलरीतून समोरच्या फणसाला बांधलेली तार म्हणजे त्यांची अँटेना. आयरीन आंटी, त्यांची बायको, तिच्यावर हळूच नॅपकिन वाळत घालायची आणि मग दोघांची जुंपायची. अंकलचा आवाज असा भरदार, की चर्चमध्ये ते वाचायला उभे राहिले की माइक लागायचा नाही. त्या आवाजाचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओतून निघालेला बारीक सिग्नल मोठा करून अँटेनावर चढवणारी पेटी. अंकलनी ती स्वतः बांधली होती, आधी फक्त आवाजासाठी. मग मोर्ससाठी, म्हणजे टिकटिक ठोक्यांच्या भाषेसाठी, तिच्यात फेरफार केले, मग कॉम्प्युटरवरून जाणाऱ्या मेसेजांसाठी, आणि शेवटी समोर या तिन्हींसाठी तीन घरांचं एक फिरवायचं काळं बटण बसवलं. "बघ बाय," ते सांगायचे, "आवाजाला ही जागी लागते. सतत थोडी जागी. नाहीतर हळू बोललेलं खाऊन टाकते आणि आवाज फाटतो. मोर्सला झोपलेली चालते. ठोका पडला की उठेल, परत झोपेल. आणि तो कॉम्प्युटर मेला मधे थांबतच नाही, मॅन! माणूस बोलताना श्वास घेतो ना, तेव्हा हिलापण श्वास मिळतो. कॉम्प्युटरवर अर्ध्या ताकदीतच चालव, नाहीतर जळून जाईल." मी मान डोलावली. झोपलेली पेटी ठोका पडल्यावर उठते कशी, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. एकदा बटण मोर्सवर ठेवून मी मायक्रोफोनवर बोलत सुटले. माझा आवाज चिंध्या चिंध्या होऊन आजूबाजूच्या सगळ्यांच्या रेडिओवर पसरला. अंकलनी वीजच बंद केली. "शेजारच्याच्या ताटात थुंकलीस तू!" म्हणाले. आंटीने मला लिंबू सरबत दिलं, त्यांना दिलं नाही. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी पेटीत आतून एक खटका बसवलेला होता: बटण मोर्सवर असेल तर मायक्रोफोन मुका. "तुझ्यासाठी," ते हसून म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

रविवारची सकाळ मात्र दिगूकाकांची. दिगंबर नाईक हा अंकलचा वर्कशॉपमधला दोस्त. आता इंदूरला मुलीकडे राहणारा. चर्चमधल्या मिसाहून आले की अंकल पेटी तापवायचे, आणि ठरलेल्या वेळेला "बोल रे दिग्या!" सुरू. शेवटी मलाही "ही वसू, माझी डोकेदुखी" म्हणून बोलायला बसवत. फोन का नाही करत, असं मी एकदा विचारलं. "फोन कोण पण करतो. हितं दिग्या माझ्यासाठी येऊन बसतो," ते म्हणाले.

मग अंकलच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती घोगरी हवा, तीही दोनचार शब्दांपुरती. मी भेटायला गेले, तर त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "खटका काढ," ते कुजबुजले. "बटण मोर्सवर ठेव. मी मायक्रोफोनवर बोलणार."

"अंकल, आवाज फाटेल!"

"फाटू दे."

हेच गृहस्थ माझ्यावर ओरडले होते ना? शेवटी आंटीच म्हणाली, "अगो, दिगूला कळलं तर तो उठून मुंबईला येईल. तिकडे त्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत. हार्टचा पेशंट तो. ह्यांचं म्हणणं, पेटी खराब झालीय असंच त्याला वाटू दे."

स्वतःच्या आवाजापेक्षा ज्या पेटीची ते जास्त टिमकी वाजवायचे, तिलाच आता बदनाम करायला निघाले होते. मी खटका काढला. रविवारी त्यांनी ताकद अगदी कमी ठेवली, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, आणि जेमतेम एक वाक्य बोलले. पेटीने त्याच्या चिंध्या केल्या. इंदूरहून हसू आलं: "बेन्या, काय भंगार पेटी बांधलीस! काही कळत नाही. मोर्सवर ये."

अंकलनी डोळे मिटून छातीवर क्रॉसची खूण केली.

पुढच्या रविवारी दिगूकाकाही मोर्सवरच आले. म्हणे त्यांचा मायक्रोफोन बिघडला. अंकल खूश. "कंजूष मेला, नवीन घेणार नाही," असं मला खुणेनेच सांगत, आणि हात मोर्स ठोकायच्या कीवर नाचत राही. पुढे सगळे रविवार असेच गेले. दोन म्हातारे टिकटिक करत भांडायचे, आणि मी बाजूला बसून अर्धं चुकीचं लिहून घ्यायचे. दिगूकाका मायक्रोफोन दुरुस्त का करत नाहीत, हे कोडं मला पडायचं, पण विचारणार कोणाला?

अंकल गेले ते दुखणं उलटून, आठवड्याच्या मधेच. रविवारी आंटीने मला बोलावलं. "दिगू येऊन बसेल. फोनवर सांगायला माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. तू सांग."

कसं सांगायचं? मी बटण मोर्सवर ठेवलं आणि माझ्या बोजड हाताने, माझ्या कॉल साइनने, म्हणजे लायसनवरच्या माझ्या खुणेच्या अक्षरांनी, त्यांना हाक दिली. दोनदा चुकले. पुढे काय ठोकायचं ते सुचेना. मी थांबले.

आता टिकटिक येईल म्हणून मी पेन्सिल धरून बसले.

टिकटिक आली नाही. स्पीकरमधून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, एक अक्षरही न तुटता:

"वसू, बेनी गेला का गं?"

आंटीने तोंडाला पदर लावला. दिगूकाकांच्या मायक्रोफोनला कधी काही झालंच नव्हतं. तो बिघडला होता तो फक्त अंकलसाठी.

मी बटण आवाजावर फिरवलं. पेटी जागी झाल्याचा दिवा लागला. मी मायक्रोफोन उचलला आणि "हो काका" म्हटलं. माझा आवाज फाटला. अंकलची पेटी मात्र अगदी बरोबर लागलेली होती.