पुठ्ठ्यावरचं एकच कलिंगड

आठवलं की अजून डोकं फिरतं. धारगळला हायवेच्या कडेला एक बाई कलिंगडं विकते. बसची वाट बघताना मी तिला रोज पाहतो. गिऱ्हाईक थांबलं की ती बोटांनी कलिंगड वाजवते आणि आधी एक फोड फुकट चाखायला देते.

परवा एका निर्लज्ज गाडीवाल्याने दोन फोडी हाणल्या, राशीवरच्या पुठ्ठ्याच्या इंग्रजी पाटीचा फोटो काढला आणि ‘‘वॉटरमेलन! एकच आहे का?’’ म्हणत खो खो हसला. काहीही न घेता निघून गेला.

‘‘कित्याक हसलो तो, मास्तर?’’ तिने विचारलं.

मी इंग्रजीचा मास्तर. म्हटलं, ‘‘पुष्कळ आहेत ना, म्हणून शेवटी ‘एस’ हवा. थांबा, लिहून देतो.’’ पेपर तपासायचं लाल पेन मी काढलंसुद्धा.

तिने पाटी उचलून छातीशी धरली. ‘‘हात लाव नकात! माज्या चेडवान, माज्या पोरीन लिवल्यान ती. खाताना त्याका एक काय दोन ता दिसूक नाय, हसताना बरां दिसलां!’’

मीही त्या माणसाला शिवी हासडली. पण तिची नजर त्याची गाडी गेली त्या रस्त्याकडे नव्हतीच. ती माझ्या पेनावर होती.